शून्य की गैरहजर? उपग्रहचित्रांतल्या लपलेल्या मास्कचा आढावा

उपग्रहाने किंवा ड्रोनने टिपलेले चित्र संगणकात आयताकृती असते, पण जमीन आयतात मावत नाही. उपग्रहाचा पट्टा उत्तर-दक्षिण रेषेला तिरका जातो, गावठाणाची हद्द वाकडीतिकडी असते आणि समुद्रकिनारा कुठेच सरळ नसतो. असे चित्र उत्तर दिशा वर ठेवून नकाशावर बसवले की कडेला काळे त्रिकोण उरतात. त्या त्रिकोणांत काहीही मोजलेले नसते. तरीही तिथल्या प्रत्येक पिक्सेलला काही तरी आकडा द्यावाच लागतो, कारण रास्टर म्हणजे आकड्यांची जाळी आणि जाळीतले घर मोकळे सोडण्याची सोय नाही. बहुतेक वेळा तिथे शून्य लिहिले जाते आणि घोळाला तिथूनच सुरुवात होते. निकालपत्रकात एका मुलाला शून्य गुण मिळाले आणि दुसरा परीक्षेला आलाच नाही, हे दोन्ही सारखेच ‘०’ लिहून दाखवले तर वर्गाची सरासरी काढणाऱ्याला फरक कळणार कसा?

फरक कळावा म्हणून भूस्थानिक चित्रांच्या जगात गेल्या चार दशकांत अनेक तोडगे निघाले. त्यांतला सगळ्यांत नेमका आणि तितकाच सहज नजरेआड होणारा तोडगा म्हणजे फाइलच्या पोटात ठेवलेला पारदर्शकतेचा मास्क. तो असतो, पण चित्राच्या पट्ट्यांच्या, म्हणजे बँडच्या, मोजणीत दिसत नाही. एक सॉफ्टवेअर तो पाळते, तर दुसऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. हे तोडगे कोणते, ते कशासाठी जन्मले आणि कुठे फसतात, याचा हा आढावा.

‘इथे काही नाही’ सांगण्याच्या रीती

पहिली आणि सर्वांत जुनी रीत म्हणजे एक ठरावीक आकडा राखून ठेवणे. यालाच नोडेटा म्हणतात. एस्री या नकाशा-सॉफ्टवेअर कंपनीच्या साध्या मजकुरी ग्रिडमध्ये तो रूढीने −९९९९ असतो. २००० सालच्या फेब्रुवारीत ‘एंडेव्हर’ अवकाशयानाने अकरा दिवसांत रडारने जगातल्या बहुतेक जमिनीची उंची मोजली. त्या एसआरटीएम मोहिमेच्या फाइलींत जिथे उंची मिळाली नाही तिथे −३२७६८ लिहिले आहे, कारण सोळा बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात मावणारा तो सर्वांत लहान आकडा. जिओटिफमध्ये, म्हणजे नकाशावरची जागा सांगणाऱ्या टिफ फाइलीत, हा राखीव आकडा लिहायला मूळ टिफ प्रमाणात जागाच नव्हती. जीडीएएल या मुक्त सॉफ्टवेअरने त्यासाठी ४२११३ क्रमांकाचा स्वतःचा टॅग, म्हणजे फाइलीतला माहितीचा खण, वापरायला सुरुवात केली आणि आज इतर अनेक सॉफ्टवेअरही तो वाचतात. त्या टॅगमध्ये एकच आकडा मावतो आणि तोच सगळ्या पट्ट्यांना लागू होतो.

दुसरी रीत अल्फा पट्ट्याची. लाल, हिरवा, निळा यांच्या जोडीला चौथा पट्टा ठेवायचा आणि प्रत्येक पिक्सेल किती अपारदर्शक आहे ते ० ते २५५ या मापात त्यात लिहायचे. ही कल्पना १९७०च्या दशकाच्या अखेरीस संगणकी चित्रपटकलेच्या प्रयोगांतून आली. एड कॅटमल आणि अॅल्व्ही रे स्मिथ यांनी ती मांडली. १९८४ मध्ये थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी अल्फाच्या आधाराने चित्रे एकमेकांवर रचण्याचे गणित प्रसिद्ध केले. नकाशांनी ती कल्पना नंतर उसनी घेतली.

तिसरी रीत मास्कची. चित्राइतक्याच आकाराचे एक वेगळे, एकेका बिटाचे चित्र, ज्यात प्रत्येक पिक्सेलबद्दल फक्त ‘आहे’ किंवा ‘नाही’ असते. हे जोडचित्र टिफच्या आतच वेगळ्या पानासारखे बसवता येते, किंवा मूळ फाइलच्या नावापुढे ‘.एमएसके’ असे शेपूट लावून शेजारी वेगळ्या फाइलीत ठेवता येते.

चौथी रीत गुणवत्तेच्या पट्ट्याची. त्यात नुसते ‘नाही’ लिहून थांबत नाहीत, ‘का नाही’ हेही नोंदवतात. ढग होता, ढगाची सावली होती, संवेदक संपृक्त झाला होता, की मुळात उपग्रहाचा पट्टाच तिथपर्यंत पोचला नव्हता, हे सारे त्यात सापडते.

या चारही रीती आज एकाच वेळी वापरात आहेत आणि पुष्कळदा एकाच फाइलीत एकत्र नांदतात. त्यामुळे रीती कळल्या तरी पेच सुटत नाही. एकाच चित्राबद्दल दोन रीतींनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या, तर विश्वास कुणावर ठेवायचा हा खरा पेच आहे.

छापखान्यातून आलेला मास्क

टिफचा मास्क मुळात नकाशांसाठी जन्मलेला नाही. हे स्वरूप १९८६ मध्ये अल्डस कंपनीने डेस्कटॉप प्रकाशनासाठी आणले. पानावर मजकुराच्या मधोमध माणसाचा चेहरा कापून बसवायचा असेल, तर चौकोनी चित्रातला नेमका कोणता भाग छापायचा हे सांगायला काही तरी हवे होते. १९९२ च्या टिफ ६.० प्रमाणात त्यासाठी पारदर्शकता-मास्क नावाचा प्रकार नोंदवला आहे. तो एका बिटाचा असतो. १ म्हणजे आकृतीच्या आतला भाग, तो छापायचा. ० म्हणजे बाहेरचा, तो सोडायचा. कडा धारदार याव्यात म्हणून हा मास्क मूळ चित्राहून बारीक रिझोल्यूशनचा असू शकतो, असेही प्रमाणात म्हटले आहे.

भूस्थानिक मंडळींना त्याची आठवण झाली ती जेपेग दाबणीमुळे. हवाई छायाचित्रे जोडून केलेल्या मोझेकची फाइल अवाढव्य होते आणि जेपेगने ती कित्येक पटींनी लहान होते. पण जेपेग चित्राला आठ बाय आठ पिक्सेलांच्या ठोकळ्यांत तोडून प्रत्येक ठोकळा अंदाजाने साठवते. ज्या ठोकळ्यात अर्धी जमीन आणि अर्धा काळा कोपरा असेल, तिथे उघडल्यावर शुद्ध शून्य शून्य राहत नाही; १, २, ५, ७ असे आकडे उगवतात. आता ‘०’ हा नोडेटा ठरवलेला असेल, तर हे १ आणि ५ ‘खरे’ ठरतात. परिणामी मोझेकच्या शिवणींवर मिरी भुरभुरल्यासारखे काळे ठिपके दिसतात. उलट बाजूनेही नुकसान होते. जमिनीवरच्या दाट सावलीतले काही पिक्सेल दाबणीत शून्यावर घसरतात आणि तिथे भोके पडतात.

अल्फा पट्टा जोडूनही सुटका होत नाही. जेपेग दाबणीत रंगांचे रूपांतर तीन पट्ट्यांवर बेतलेले असते, त्यामुळे चौथा पट्टा आला की ते रूपांतर आणि त्याबरोबर दाबणीचा मोठा फायदा हातचा जातो. म्हणून उपाय असा निघाला की, रंग जेपेगने दाबायचे, ‘आहे-नाही’ची माहिती वेगळ्या एक-बिटी मास्कमध्ये ठेवायची आणि तो मास्क मात्र काहीही न गमावणाऱ्या पद्धतीने साठवायचा. एका बिटाचा मास्क दाबला की फारच थोडी जागा घेतो. हा मार्ग इतका सोयीचा ठरला की क्लाउडसाठी बेतलेल्या जिओटिफमध्ये, म्हणजे सीओजीमध्ये, जेपेग निवडले की अल्फाचा मास्क करून ठेवणे ही जवळपास ठरलेली वाट झाली आहे. ही सोय घेताना आपण ‘नाही’ची नोंद मुख्य चित्रातून उचलून बाजूला ठेवली. बाजूला ठेवलेली वस्तू दृष्टिआड व्हायला वेळ लागत नाही.

मास्क दृष्टिआड कसा होतो

पहिले कारण मोजणीचे. तीन पट्ट्यांच्या चित्राला मास्क असला तरी पट्टे तीनच मोजले जातात. ‘चौथा पट्टा आहे का’ असे तपासणाऱ्या प्रोग्रॅमला काहीच सापडत नाही आणि तो चित्राचे चारही कोपरे खरे मानून पुढे चालू लागतो. जीडीएएलमध्ये प्रत्येक पट्ट्याला ‘मास्कची खूण’ विचारता येते. उत्तर आकड्यात येते: १ म्हणजे सगळेच पिक्सेल वैध, २ म्हणजे पूर्ण फाइलला एकच मास्क, ४ म्हणजे मास्क अल्फावरून काढला आहे, ८ म्हणजे नोडेटावरून. या खुणा एकत्रही येतात, त्यामुळे अल्फाच्या फाइलीत ६ दिसू शकतो. तपासायला अर्धे मिनिट पुरते. पण विचारलेच नाही तर फाइल आपणहून काही सांगत नाही.

दुसरे कारण प्रवासाचे. शेजारच्या फाइलीत ठेवलेला मास्क नकलेच्या वेळी मागे राहतो. पेनड्राइव्हवर, ईमेलमध्ये, सर्व्हरवर कुणी फक्त ‘.टिफ’ नेतो आणि काळे कोपरे परत अवतरतात. जीडीएएलच्या जुन्या आवृत्त्या टिफचा मास्क सांगितल्याशिवाय बाहेरच लिहीत. अलीकडे तो मुळातच आत लिहिला जातो, हा बदल स्वागतार्ह आहे. पण आत बसवलेल्या मास्कचीही हमी नाही. साध्या चित्रदर्शक प्रोग्रॅमला तो दुसरे पान वाटतो. एखादे जुने सॉफ्टवेअर फाइल उघडून पुन्हा साठवते तेव्हा पहिले पान तेवढे जपते आणि मास्क गळून पडतो.

तिसरे कारण अग्रक्रमाचे. फाइलीत मास्क, नोडेटा आणि अल्फा तिन्ही असतील तर? जीडीएएलचा क्रम असा की, स्पष्ट मास्क असेल तर तो; नसेल तर नोडेटा; तोही नसेल तर अल्फा. याचा एक विचित्र परिणाम होतो. चार पट्ट्यांच्या चित्राला कुणी सहज ‘नोडेटा = ०’ असे लिहून टाकले, तर काळजीपूर्वक तयार केलेला अल्फा बाजूला पडतो. पायथॉनमधल्या रास्टेरिओ या लायब्ररीने या प्रकाराला नावच दिले आहे, ‘नोडेटाची सावली’, आणि पूर्ण फाइलचा मास्क काढताना अशा वेळी ती अल्फाची बाजू घेते. त्यामुळे एकाच फाइलीला एकाच दिवशी दोन साधने दोन वेगळे मास्क देऊ शकतात. त्यात चुकीचे कोणीच नसते. नियम वेगळे असतात.

चौथे कारण अर्थाच्या उलटसुलटीचे. जीडीएएलच्या मास्कमध्ये २५५ म्हणजे वैध आणि ० म्हणजे अवैध. पायथॉनच्या नमपायमधल्या मास्क लावलेल्या ॲरेत ‘खरे’ म्हणजे झाकलेले, म्हणजेच अवैध. एकातून दुसऱ्यात जाताना उलटवायला विसरले की गावाच्या जागी भोक पडते आणि भोकाच्या जागी गाव येते. हे निदान डोळ्यांना लगेच दिसते, म्हणून ही चूक फार काळ टिकत नाही.

पाचवे कारण ग्रास या जुन्या आणि समर्थ प्रणालीत सापडते. तिथे ‘मास्क’ नावाचा एक रास्टर तयार केला की त्या मॅपसेटमधल्या, म्हणजे कामाच्या कप्प्यातल्या, पुढच्या प्रत्येक वाचनाला तो आपोआप लागू होतो. एका तालुक्यापुरते काम करायला ही मोठी सोय आहे. पण काम झाल्यावर तो काढायचा राहिला, तर पुढची सगळी गणिते मुकाट्याने त्या तालुक्यापुरतीच होतात. याच ग्रासने दुसरीकडे मोठा धडा घालून दिला. तिच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत शून्य म्हणजेच ‘माहिती नाही’ असे होते. पाचव्या आवृत्तीपासून रिकाम्या घरांची नोंद मूल्यांपासून वेगळी, स्वतंत्र बिटनकाशात ठेवली जाऊ लागली. शून्य आणि रिक्त यांची फारकत व्हायलाच हवी, हे त्या प्रणालीने अनुभवातून मान्य केले.

आकडा बदलला की अर्थ बदलतो

राखीव आकड्याची रीत सोपी असल्याने टिकून आहे, पण रूपांतराच्या प्रत्येक पायरीवर ती ठिसूळ ठरते. सोळा बिटांत ६५,५३६ आकडे असतात, त्यांतला एखादा राखून ठेवायला काही जात नाही. आठ बिटांत फक्त २५६ असतात आणि रंगीत छायाचित्रात ते सगळेच लागतात. शून्य राखले तर काळी सावली जाते, २५५ राखले तर चुना लावलेली भिंत किंवा पत्र्याचे चमकते छप्पर जाते. सोळातून आठ बिटांत येताना आकडे ताणून बसवले जातात, तेव्हा सर्वांत गडद खरी जमीनही शून्यावर येऊन बसते आणि कोपऱ्यांत मिसळते. −९९९९ असलेली फाइल आठ बिटांत बदलली तर तो आकडा मावत नाही म्हणून ० होतो. टॅगमध्ये मात्र −९९९९ तसाच राहिला तर आता फाइलीत तो आकडा एकाही घरात नाही, आणि सगळी रिक्त घरे वैध शून्ये बनली आहेत.

दशांशांतला घोटाळा आणखी बारीक आहे. काही सॉफ्टवेअर नोडेटा म्हणून बत्तीस बिटांत मावणारी सर्वांत लहान ऋण संख्या वापरतात, अंदाजे −३.४ गुणिले दहाचा ३८ वा घात. ती मजकुरात लिहिताना शेवटचे काही अंक गळले, तर टॅगमधली संख्या आणि पिक्सेलमधली संख्या तंतोतंत जुळत नाहीत आणि तुलना फसते.

अनेक पट्टे असले की आणखी एक प्रश्न उभा राहतो. ‘०’ नोडेटा असताना (०, २००, ४०) हा हिरवा पिक्सेल वैध की अवैध? पट्टानिहाय पाहिले तर लाल पट्ट्यात तो रिक्त आहे, बाकी दोघांत नाही. पूर्ण पिक्सेल म्हणून पाहिले तर तो सरळ गवत आहे. जीडीएएलच्या प्रक्षेपण बदलणाऱ्या साधनात हे कसे ठरवायचे यासाठी वेगळा पर्याय द्यावा लागला. रास्टेरिओ, फक्त नोडेटा असेल तेव्हा, कुठल्याही एका पट्ट्यात पिक्सेल वैध असला की तो संपूर्ण वैध धरते. नियम कोणता पाळला हे लिहून ठेवले नाही, तर त्याच चित्रातून दोन माणसांना दोन क्षेत्रफळे मिळतील.

सर्वांत महाग चूक रिसॅम्पलिंगमध्ये होते, म्हणजे पिक्सेलांचा आकार किंवा जागा बदलताना शेजारच्यांची सरासरी घेतली जाते तिथे. डोंगरकड्याच्या सावलीत रडारला उंची मिळाली नाही म्हणून एका घरात −३२७६८ आहे आणि शेजारच्या घरात ८०० मीटर. मास्क न पाळता दोघांच्या मधोमध आकडा काढला तर तो −१५,९८४ येतो. हा आकडा नोडेटा नाही, त्यामुळे तो पुढे खरा ठरतो आणि सपाट पठारावर सोळा किलोमीटरांहून खोल विहीर तयार होते. पाण्याचा प्रवाह काढणारे सॉफ्टवेअर मग ओढे त्या विहिरीकडे वळवते. म्हणून रिक्त घरांची दुरुस्ती आधी करायची आणि रिसॅम्पलिंग नंतर, हा क्रम मोडता कामा नये.

रंगीत चित्रात हीच गोष्ट काळ्या किनारीच्या रूपात येते. अल्फा शून्य असलेल्या पिक्सेलखाली काळा रंग दडलेला असतो. लहान आकाराची प्रत बनवताना तो रंग शेजारच्या जमिनीत झिरपतो आणि दोन चित्रांच्या शिवणीवर केसाएवढी काळी रेघ उमटते. अल्फाने आधीच गुणलेले रंग वापरणे हा त्यावरचा उतारा आहे. टिफमध्ये अल्फा गुणलेला आहे की न गुणलेला, हे वेगळ्या टॅगमध्ये १ किंवा २ असे नोंदवता येते. तीही नोंद पाहिल्याशिवाय चित्रे एकमेकांवर रचू नयेत. मास्क असेल तर त्याच्याही लहान प्रती तयार झाल्या आहेत ना, हे पाहावे. नाहीतर नकाशा जवळून पाहताना स्वच्छ आणि दुरून पाहताना काळा दिसतो.

आपल्याकडचे काही दाखले

भारतीय हवामान विभाग पुण्याहून पावसाचे आणि तापमानाचे जाळीरूप आकडे देतो. पावसाची पाव अंशाची जाळी १३५ बाय १२९ घरांची आहे आणि ती १९०१ पासूनची आहे. देशाबाहेरच्या आणि समुद्रावरच्या घरांत −९९९ लिहिलेले असते. या आकड्यांची जुनी द्विमान फाइल शीर्षकाशिवायची असते. तिच्यात नुसते आकडेच असतात आणि ‘−९९९ म्हणजे नाही’ हा नियम सोबतच्या वेगळ्या माहितीफाइलीत असतो. म्हणजे मास्क चित्राच्या बाहेरच नव्हे, चित्राच्या स्वरूपाच्याही बाहेर आहे. कोकणातल्या एखाद्या जिल्ह्याची सरासरी काढताना समुद्रावरचे एक घर हिशेबात आले, तर ८०, १२०, १०० आणि −९९९ यांची सरासरी उणे १७४.७५ मिलिमीटर येते. उणे पाऊस पडत नाही हे शाळकरी पोरालाही कळते, म्हणून ही चूक पकडली जाते.

तापमानाचे तसे नाही. तिथे रिक्त घरासाठी ९९.९ हा आकडा आहे. ३१, ३२, ३३ आणि ९९.९ यांची सरासरी ४८.९८ अंश येते. चंद्रपूरच्या मे महिन्याचा आकडा म्हणून तो कुणी सहज खरा मानेल. राखीव आकडा निवडताना तो अशक्य असून भागत नाही. दुसऱ्या आकड्यांत मिसळल्यावरही तो ओरडून उठला पाहिजे.

पावसाळी पुरांच्या नकाशात हा प्रश्न आणखी टोकदार होतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगली पाण्यात होती. अशा दिवसांत वर ढग दाटलेले असल्याने नेहमीचे कॅमेरे निरुपयोगी ठरतात आणि रडारचीच मदत घ्यावी लागते. शांत पाणी रडारच्या लहरी दुसरीकडे परावर्तित करते, म्हणून चित्रात पाणी गडद दिसते. सेंटिनेल-१ या रडार उपग्रहाच्या चित्रात पट्ट्याबाहेरचा रिकामा भागही शून्य, म्हणजे गडदच. ‘अमुक मर्यादेपेक्षा कमी ते पाणी’ असा साधा नियम लावला आणि कडेचा भाग झाकला नाही, तर पट्ट्याच्या काठावर सरळ रेषेत पूर उभा राहतो. मूल्ये डेसिबलमध्ये बदलताना शून्याचा लॉग उणे अनंत येतो, हा निराळाच त्रास. शिवाय कडेला पुष्कळदा शुद्ध शून्य नसून थोडा ‘काठाचा गोंगाट’ असतो. मग नुसती शून्यावर नजर ठेवून चालत नाही, आतल्या बाजूला काही पिक्सेलांची पट्टी कापावी लागते.

ड्रोनचे तर विचारायलाच नको. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत भारतीय सर्वेक्षण विभागाच्या साहाय्याने गावठाणांचे ड्रोनने मोजमाप होते. गावठाणाच्या ऑर्थोचित्राची, म्हणजे नकाशासारखे सरळ बसवलेल्या चित्राची, कड चारही बाजूंनी दातेरी असते. जुन्या वाड्यांमधल्या अरुंद बोळांत दुपारनंतर दाट सावली पडते. अशा चित्रात ‘० म्हणजे नाही’ हा नियम लावला तर बोळांत छिद्रे पडतात, आणि घरांच्या हद्दी आखायच्या असतात त्या नेमक्या तिथेच. कडा साफ करायला जीडीएएलमध्ये ‘निअरब्लॅक’ नावाचे साधन आहे. ते काठापासून आत सरकत काळ्याच्या जवळपासचे पिक्सेल झाकते आणि आतल्या सावल्यांना सहसा धक्का लावत नाही. वेगळे सांगितले नाही तर ते काळ्यापासून पंधरा पायऱ्यांपर्यंतचा फरक ‘काळाच’ मानते. काठालाच सावलीतला बोळ टेकला असेल, तर हा अंदाज तपासूनच वापरावा.

‘का नाही’ हा पुढचा प्रश्न

जगातल्या मोठ्या उपग्रह मोहिमांनी आता ‘आहे-नाही’च्या पुढे पाऊल टाकले आहे. त्याची पार्श्वभूमी लँडसॅट-७ ने दिली. ३१ मे २००३ रोजी त्याचा स्कॅन-रेषा सुधारक बंद पडला आणि त्यानंतरच्या प्रत्येक दृश्यात सुमारे २२ टक्के भाग गाळलेला येऊ लागला. मधोमध चित्र शाबूत, कडेकडे काळ्या पाचरी. तरी उपग्रह पुढे अनेक वर्षे काम करत राहिला आणि कुठला भाग गाळला आहे हे सांगणारे मास्क चित्रांसोबत दिले गेले. अर्धवट चित्रही उपयोगी पडते, मात्र ते कुठे अर्धवट आहे हे कळायला हवे.

आजच्या लँडसॅट संग्रहातल्या गुणवत्तेच्या पट्ट्यात प्रत्येक बिटाला वेगळा अर्थ आहे. पहिला बिट ‘भरणी’, म्हणजे इथे मोजलेलेच नाही. पुढचे बिट ढग, सावली, बर्फ, पाणी अशा खुणांचे. सेंटिनेल-२ च्या दृश्यवर्गीकरणात ० म्हणजे माहिती नाही, ३ म्हणजे ढगाची सावली, ८ आणि ९ म्हणजे ढगाची शक्यता मध्यम आणि जास्त. ‘नाही’चे हे प्रकार एकाच मास्कमध्ये कोंबले की माहिती कायमची हरवते. शेतकऱ्याच्या पिकाचा हंगाम पाहणाऱ्याला ढगामागचे शेत आणि पट्ट्याबाहेरचे शेत सारखेच रिकामे दिसते. पण ढग पुढच्या फेरीत सरकेल, पट्ट्याची कड मात्र त्या कक्षेत तिथेच राहील.

सेंटिनेल-२ ने आणखी एक शहाणपणा केला. २५ जानेवारी २०२२ पासून त्याच्या चित्रांतल्या मूल्यांत १००० मिळवले जाऊ लागले. फार गडद जागी वातावरणाची दुरुस्ती केल्यावर परावर्तन कधी शून्याखाली जाते. पूर्वी ती मूल्ये लिहिता येत नव्हती. आता ती लिहिता येतात आणि शून्य फक्त ‘माहिती नाही’साठी मोकळे राहते. ज्यांनी हा बदल वाचला नाही त्यांच्या कालमालिकेत त्या दिवशी एकदम उडी दिसली. बदल योग्यच होता. पण ‘नाही’चा नियम बदलला की जुना आणि नवा साठा एकत्र वापरणाऱ्या प्रत्येकाला ते कळवावे लागते.

झाकणे म्हणजे पुसणे नव्हे

मास्कचा एक धोका क्वचितच बोलला जातो. मास्क किंवा अल्फा पिक्सेल दाखवायचा की नाही एवढेच ठरवतो. खालचे आकडे तो पुसत नाही. एखादी संवेदनशील जागा झाकायची म्हणून कुणी अल्फा शून्य केला आणि फाइल वाटली, तर मास्क न वाचणाऱ्या कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये ती जागा उघडी पडते. झाकायचेच असेल तर खालची मूल्ये खरोखर बदलावीत आणि लहान प्रतीही नव्याने तयार कराव्यात, कारण मूळ पिक्सेल त्या प्रतींत शिल्लक राहू शकतात. झाकलेल्या भागात सरसकट एकच मूल्य भरल्याने दुसरा फायदाही होतो. काळ्या कोपऱ्यांत उगाच उरलेला गोंधळ दाबणीत जागा खातो, तोही वाचतो.

उलट प्रसंगही येतात. दुसऱ्याने झाकलेला भाग आपल्याला हवा असतो, ढगाच्या मास्कने चुकून पांढरे छप्पर किंवा मिठागर झाकलेले असते. अशा वेळी मास्क वेगळा आणि मूल्ये जशीच्या तशी असणे हे वरदान आहे. म्हणून मोजमापाच्या माहितीत मास्क वेगळा ठेवावा आणि मूल्ये जपावीत. गोपनीयतेच्या बाबतीत मूल्येच काढून टाकावीत. या दोन हेतूंना एकच उपाय लावणे घातक आहे.

पुढे काय

या सगळ्या रीतींना तोलून पाहिले तर निवडीचे काही नियम उघड दिसतात. उंची, पाऊस, तापमान अशा मोजमापाच्या रास्टरसाठी राखीव आकडा किंवा दशांशी फाइलीत ‘आकडा नाही’ हे खास मूल्य पुरते. अट एवढीच की तो टॅगमध्ये लिहिलेला असावा आणि मिसळल्यावर लपणारा नसावा. रंगीत छायाचित्रांसाठी राखीव आकडा टाळावा. ती जेपेगने दाबायची असतील तर आतला एक-बिटी मास्क उत्तम. न दाबता किंवा वेबपसारख्या, अल्फा सांभाळणाऱ्या दाबणीने ठेवायची असतील तर अल्फा चालतो. उपग्रहचित्रांवरून विश्लेषण करायचे असेल तर गुणवत्तेचा पट्टा शेवटपर्यंत सोबत ठेवावा आणि त्यातून मास्क गरजेपुरता, त्या त्या कामासाठी काढावा. एकाच फाइलीत दोन रीती ठेवायच्याच असतील, तर त्या एकमेकींशी जुळतात ना हे एकदा तपासून घ्यावे.

तरीही साधनांच्या निवडीने हा प्रश्न पूर्ण सुटणार नाही, कारण तो बहुतेक वेळा माहिती एका हातातून दुसऱ्या हातात जाताना उद्भवतो. चित्र बनवणाऱ्याला नियम माहीत असतो. घेणाऱ्याला तो ताडावा लागतो. म्हणून जबाबदारी देणाऱ्याची आहे. ऑर्थोचित्राच्या कामाच्या करारात रिझोल्यूशन, प्रक्षेपण आणि अचूकता यांच्या जोडीला आणखी तीन ओळी असाव्यात: रिक्त भाग कोणत्या रीतीने नोंदवला आहे, तो फाइलीच्या आत आहे की बाहेर, आणि झाकलेल्या पिक्सेलांखाली मूळ मूल्ये आहेत की पुसलेली. फाइल स्वीकारतानाही तीन गोष्टी तपासाव्यात. मास्कची खूण वाचावी, वैध पिक्सेलांचे क्षेत्रफळ अपेक्षित हद्दीशी ताडून पाहावे, आणि एक कड जवळून व एक दुरून डोळ्यांनी पाहावी. नगरपालिकेच्या मालमत्ता नकाशापासून पूरग्रस्तांच्या याद्यांपर्यंत या चित्रांवर आता निर्णय होतात. ज्या घरावर ‘इथे काही नाही’ असा शिक्का बसतो, त्या घरातल्या माणसाला तो शिक्का कोणत्या नियमाने बसला हे विचारण्याचा हक्क आहे, आणि त्याचे उत्तर फाइलीतच मिळाले पाहिजे.